भक्तराजाचे मागचे पाय

या, असे जवळ सरका. लांब भिंतीला टेकून बसलात तर मला आवाज चढवून सांगावं लागेल, आणि ही गोष्ट आवाज चढवून सांगण्यातली नाही. तिच्यातले निम्मे लोक अजून हिंडते-फिरते आहेत. आजच्या बुवांचं पागोटं बांधून व्हायला अजून अवकाश आहे. तेवढ्यात तुम्हाला एका कुत्र्याची गोष्ट सांगतो, ज्याच्या नावाआधी आमच्या गावानं ह.भ.प. लावलं होतं. हसू नका. तशी पत्रिका छापली होती आणि मी ती घरोघर वाटली आहे.

तर आमच्या उंबरटाकळीत सप्त्याचा शेवटचा दिवस होता. काल्याचं कीर्तन आटोपलं होतं, लाह्या-दह्याचा प्रसाद पोटात गेला होता, आणि मल्हारीबुवा शिरापूरकर खांबाला पाठ लावून बसले होते. समोर माळ घेणाऱ्यांची रांग. आमच्याकडं काल्यानंतर माळ घेतात. बुवांच्या पायांशी बसायचं, मांस-मच्छी सोडली, दारू सोडली, एकादशी धरीन, असं आपल्या तोंडानं कबूल व्हायचं. मग बुवा गळ्यात तुळशीची माळ घालतात. मी टाळकरी. माळांचं ताट घेऊन बुवांच्या शेजारी उभा होतो.

रांगेच्या शेवटी माझी चांगूआत्या कुणाशी तरी बोलत थांबली होती आणि तिच्या पायांत तिचा कुत्रा, पैलवान. तेवढ्यात देवस्थानचे अध्यक्ष रंगनाथ भापकर, ज्यांना गाव नाना म्हणायचं, त्यांनी कुत्र्याला मानेला धरून पुढं आणलं आणि म्हणाले, महाराज, हाही रोज कीर्तनाला बसतो, ह्यालाही करा माळकरी. लोक हसले. बुवा दमलेले, घसा बसलेला. त्यांनीही हसून ताटातली एक माळ उचलली आणि कुत्र्याच्या गळ्यात घातली. पैलवान शिंकला. टाळ्या पडल्या.

बुवांच्या दृष्टीनं ती गंमत तिथं संपली. नानांच्या डोक्यात ती तिथून सुरू झाली.

आता ही माणसं तुम्हाला सांगितली पाहिजेत. चांगुणा माझ्या वडिलांची बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली, पण भावांच्या घरात राहिली नाही. देवळामागं देवस्थानच्या जागेत पत्र्याची खोली घातली आणि तिथं एकटी राहायची. जीभ तिखट. कीर्तनाला बायकांत पहिल्या ओळीत बसायची, पण माळ घेतली नव्हती. सुकटीशिवाय भाकरी उतरत नाही आणि देवाला फसवायचं नाही, असं सरळ सांगायची. कुत्र्याचं पिल्लू आणलं तेव्हा त्याच्या मागच्या मांड्या अशा भरलेल्या, की बघताक्षणी तिनं नाव ठेवलं पैलवान. ती खायची त्यातलं अर्धं त्याचं. ती कीर्तनाला जायची म्हणून तो जायचा, ती उठली की उठायचा. भक्ती त्याच्यात होतीच. ती कुणावर होती हे विचारायला गावाला सवड नव्हती.

नाना भाविक, यात खोटं नाही. खतांचं दुकान चालवायचे आणि सगळा मोकळा वेळ देवाला द्यायचे. पण देवापेक्षा देवाच्या फ्लेक्सवर त्यांचा जीव जास्त. फ्लेक्सवर नाना मोठे, आमदार मध्यम आणि पांडुरंग कोपऱ्यात, जागा उरली तर.

तर आठवडा जायच्या आत पैलवानाचा भक्तराज झाला. आत्याला आधी बरंच वाटलं. म्हणाली, देवळात बसतोय, चार लोक कौतुक करताहेत, करू देत. मग नानांनी सांगितलं की माळकरी जीवाला सुकटीचा वासही चालणार नाही, आणि भक्तराजाचं जेवण देवळातून होईल. मग गाभाऱ्यासमोर नव्या ग्रॅनाइटवर गादी आली. गादीवर मखमल आली. शिरा आला, पेढे आले, साबुदाण्याची खिचडी आली. एकादशी तर होतीच. नानांना वाटलं, एवढा मोठा भक्त आणि फक्त एकादशी? गुरुवार लावला. शनिवार लावला. चतुर्थी लावली. उपवासाच्या दिवशी पेढे चालतात, असाही निर्णय झाला, त्यामुळं कुत्रा उपाशी राहिला असं कुणी म्हणू शकत नव्हतं. त्याच्या पोटाचा नगारा झाला आणि बघणारे म्हणायचे, बघा काय तेज चढलंय.

लोक लांबून यायला लागले. गावात मिरवणूक निघाली की भक्तराजाचे पाय मातीला लागू नयेत म्हणून नानांनी हातगाडी सजवून घेतली. पुढं पुढं ओढ्यापर्यंत जायचं झालं तरी हातगाडी. कुत्रा चालायचा म्हणून राहिलाच नाही. आणि मग जे दिसायला लागलं, त्याचा अर्थ लावायला गाव बसलेलंच होतं. ग्रॅनाइटवरून मागचे पाय सटकायला लागले, तर म्हणाले आता त्याला कुठं जायची इच्छाच राहिली नाही. उठताना कण्हायला लागला, तर म्हणाले नामस्मरण चाललंय. पायऱ्या चढेना, तर म्हणाले देवाचं दार सोडवत नाही. कानांच्या वर, कपाळाच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडले, तर आमचे एक निवृत्त तलाठी मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, मुरलीधर, चिंतनानं कपाळ कसं आत गेलंय बघ.

मी हे आत्याला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

"चिंतन कसलं," ती म्हणाली. "मास गेलंय त्याचं. मी रोज हात फिरवते. ढुंगणाची हाडं लागत्यात हाताला."

मला आठवतं, त्या दिवशी प्रथम मी शिऱ्याच्या पोटाखेरीज त्या कुत्र्याकडं दुसरं काही पाहिलं. मागच्या मांड्या खरंच गेल्या होत्या. पुढून बघावं तर भरलेला, मागून बघावं तर दोन काठ्यांवर ठेवल्यासारखा.

माघात तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातून डॉक्टर कोष्टीबाई गुरांना लाळ्या-खुरकुताची लस टोचायला आल्या. दुपारी नाना दुकानात असताना आत्यानं त्यांना हाताला धरून देवळात आणलं. किल्ली माझ्याकडं असायची, टाळ-पखवाज आतल्या कपाटात ठेवलेले असत म्हणून. बाई खाली बसल्या. पाठीच्या कण्यावरून हात नेला, कमरेवर दाबून पाहिलं, दोन्ही मांड्या मुठीत धरून पाहिल्या, पाय मागं ताणला तसा पैलवान कळवळला. मग त्यांचं लक्ष गळ्याकडं गेलं आणि हे काय म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, माळकरी आहे तो. बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू एक लस मलाच टोचायची राहून गेली असावी.

"वजन केलं तर भरेल," त्या म्हणाल्या. "म्हणूनच कुणाच्या ध्यानात येत नाही. पोटावर चरबी चढलीय आणि पाठ-मांडीचे स्नायू झडलेत. पोट बघू नका. हात लावून बघा."

त्यांनी आम्हाला हात लावायला लावला. कणा कसा वर आलाय, कमरेचं हाड कुठं टोचतं, डोक्यावरचे खड्डे कशाचे, सगळं दाखवलं. वयानं थोडं मांस जातंच, म्हणाल्या. पण याचा खुबाही दुखतोय. दुखतं म्हणून तो पाय वापरत नाही, वापरत नाही म्हणून मांस झडतं, मांस झडलं की सगळा भार सांध्यावर येतो आणि आणखी दुखतं. त्यात ही गुळगुळीत फरशी, त्यात ती गाडी, आणि वर खाणं हे असलं. म्हातारं झालं की खाणं तोडायचं, हे त्यांनी बऱ्याच घरी पाहिलं होतं. म्हाताऱ्या कुत्र्याला आहे ते मांस टिकवायलाच चांगलं खाणं जास्त लागतं. अंडी, कोंबडी, मासे. रक्त काढून नेते, मूत्रपिंडं ठीक असली की मोकळ्या हातानं घाला.

पुढं काय करायचं तेही त्यांनी आत्याला बैजवार सांगितलं. दुखण्याची गोळी. फरशी बंद, माती सुरू. एकदम लांब नाही. थोडं थोडं, पण दिवसातून बऱ्याच वेळा. मातीत ऊस आडवे टाकायचे आणि त्यांच्यावरून एकेक पाय उचलत हळू न्यायचं. खाऊ दाखवून बसलेल्याला उठवायचं, उठलेल्याला बसवायचं. पाटाला पाणी असेल तेव्हा पोटापर्यंत पाण्यातून चालवायचं, पाणी भार घेतं. सुरुवातीला पोटाखालून टॉवेल घालून मागचं अंग उचलून धरायचं.

"उठंल का पर?" आत्यानं विचारलं.

"आत्ता लागलात तर उठेल. पहिल्यासारखा होणार नाही, पण स्वतःच्या पायांनी अंगणात जाईल. गादीवरच राहिला तर पावसाळ्यात मागचं अंग फरफटत हिंडेल. मग तेही नाही."

रक्ताचा निरोप चांगला आला. त्या दिवसापासून आत्या काकड्याच्या वेळी यायची, लोक देवाकडं तोंड करून उभे असताना कुत्र्याच्या पोटाखालून टॉवेल घालायची आणि मागच्या दारानं त्याला अंगणात न्यायची. उकडलेलं अंडं. मग ऊस. मग पाट. लोक यायच्या आत परत गादीवर. मी पाहत होतो. टॉवेल सैल पडायला लागला होता. एकदा तर पैलवान उसावरून पाय न अडखळता गेला आणि आत्याकडं बघून शेपूट हलवली, तशी ती मला म्हणाली, बघ मेल्याचा तोरा.

आणि मग ते घडलं, जे आमच्यासारख्या गावात घडल्याशिवाय राहत नाही. कुठून तरी भाविकांची एक बस ठरल्या वेळेच्या आधी आली. नाना त्यांना घेऊन दर्शनाला, तर गादी रिकामी. शोधत शोधत सगळी मंडळी देवळामागं. तिथं ह.भ.प. भक्तराज, मखमलीशिवाय, धुळीत उभे, आणि तुळशीच्या माळेला पिवळा बलक लागलेला.

त्याच दुपारी पारावर बैठक. मी बऱ्याच बैठका पाहिल्या आहेत, पण असा शास्त्रार्थ पाहिला नाही. अंडं हे मांस की नाही, इथून सुरुवात झाली. निवृत्त तलाठ्यांचं म्हणणं, हल्लीच्या पोल्ट्रीतल्या अंड्यात जीव नसतो. त्यावर कुणी विचारलं, तर मग तुम्ही खाता का, तर ते चहा प्यायला लागले. गोमूत्र शिंपडून शुद्धी होईल की माळ नव्यानं घालावी लागेल, यावर दोन गट पडले. उपवास मोडला तो कुत्र्याचा की गावाचा, यावर आणखी दोन. कुत्र्याच्या मांडीचा विषय निघाला नाही. आत्यानं तो काढला, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं एका दमात सांगितलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, डॉक्टर लोक शरीराचं बघतात.

"नाना," आत्या म्हणाली, "त्याला बसवून ठिवू नका. एवढंच मागते. बसवून ठिवला की संपला तो."

"आत्या, तो आता तुमचा राहिला नाही," नाना म्हणाले. "गावाचा आहे. आणि तुमची खोली आहे ती जागा देवाची आहे, याचा विसर पडू देऊ नका."

एवढं झाल्यावर बैठक उठली. मीही तिथंच होतो. सगळ्यांबरोबर मीही उठलो. संध्याकाळी गादीशेजारच्या खांबाला कुत्र्यासाठी चांदीसारखी चकाकणारी साखळी आली, आणि राखणीला नानांचा पुतण्या.

पुन्हा सप्ता आला. या खेपेला पत्रिकेवर बुवांच्या नावाखाली ठळक अक्षरांत ह.भ.प. भक्तराज यांची दिव्य उपस्थिती. देवळासमोर दगडी ओटा बांधून घेतला होता. पुढं-मागं काही झालं तर समाधी तिथंच, असं नाना प्रत्येकाला समजावून सांगत होते, आणि कुत्रं समोर पडल्या पडल्या ऐकत होतं. सात दिवस आत्या आली आणि खांबापासून लांब बसली. पुतण्या तिला साखळीच्या आसपास फिरकू देत नव्हता. कुत्रा मान वळवून तिच्याकडं बघायचा आणि मान दुखली की परत पुढं बघायचा. मान तेवढी शाबूत होती.

काल्याच्या सकाळी मल्हारीबुवा आले. आता बुवांविषयी सांगतो, कारण मी आयुष्यात पुष्कळांच्या मागं टाळ धरला, पण असा गृहस्थ एकच. आवाज गोड नव्हता, खरखरीत होता, विहिरीच्या दोरासारखा. पण तो कथा लावायला लागला की माणसं पाण्यासारखी वर यायची. हसवता हसवता असा चिमटा काढायचा की घरी गेल्यावर दुखायचं. त्या दिवशी त्यांना कुत्र्याविषयी जे माहीत होतं, ते नानांनी नाश्त्याच्या वेळी सांगितलेलं. दोन शब्द भक्तराजावर बोला महाराज, अशी विनंतीही केलेली.

बुवांनी ते दोन शब्द मध्यावर घेतले. मांडव देवळाच्या फरशीला लागूनच होता; बुवांच्या समोर त्या फरशीवर, गादीवर पैलवान, आज साखळीशिवाय, गळ्यात झेंडूचा हार. बुवा म्हणाले, या मुक्यानं जिभेचं सुख सोडलं आणि आपल्याला तंबाखूची पुडी सुटत नाही. लोक हसले, तंबाखूवाले जरा कमी हसले. मग त्यांनी गजर धरला, आम्ही टाळ उचलले, सगळा मांडव उभा राहिला. आणि मांडव उभा राहिला तशी बायकांतली आत्याही उभी राहिली.

तो आत्या उठली की उठायचा, हे तुम्हाला सांगितलंच आहे.

त्यानं पुढचे पाय रोवले, छाती वर काढली. मागचे पाय ग्रॅनाइटवर दोन बाजूंना पसरले आणि तो हनुवटीवर आपटला, बरोबर बुवांच्या पायांशी. क्षणभर कुणाला कळलं नाही. मग नानांनी दोन्ही हात वर केले आणि ओरडले, दंडवत घातला. सगळ्या मांडवातून हुंदका आला म्हणा ना. फुलं पडायला लागली. कुत्रा पुन्हा उठायला गेला, पुन्हा पसरला. पुन्हा फुलं. तो आत्याच्या दिशेला वळला, पुन्हा आपटला, आणि या वेळी बायका रडायला लागल्या. जितक्या वेळा पडेल तितकी फुलं. पखवाजवाला रंगात येऊन दुगणीत, दुप्पट लयीत गेला.

मी बुवांच्या मागं होतो, मला सगळं दिसत होतं. कुत्र्याची नखं फरशीवर घासत होती, पण गजरात तो आवाज कुणाला येणार? माझे टाळ थांबले. शेजारच्यानं कोपर मारलं, तरी थांबले.

आत्या पुढं आली. पुतण्यानं अडवायला हात केला, तिनं तो माशी हाकलावी तसा बाजूला केला आणि फरशीच्या कडेला उभी राहिली.

"बुवा, दंडवत न्हाई हा," ती म्हणाली. "त्याला माझ्याकडं यायचंय आन् पाय उचलत न्हाईत."

मागून एकीनं तिचा पदर ओढला. ती वळून मांडवाला म्हणाली, "फुलं टाकू नका त्याच्यावर. मेला न्हाई अजून."

टाळ एकेक करून थांबले. पखवाज सगळ्यात शेवटी. बुवा उभे होते तिथून दोन पावलं पुढं आले आणि खाली बसले. आता हे तुम्हाला साधं वाटेल, पण उभं कीर्तन मध्येच सोडून कीर्तनकार खाली बसला असं आमच्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. नानांनी पुढं होऊन त्यांना उठवायला हात दिला. बुवांनी तो घेतला नाही. त्यांनी कुत्र्याच्या मांडीवर हात ठेवला, मग कमरेवर, मग पुन्हा मांडीवर, आणि हात तिथंच राहिला.

"आत्याबाई, हे कधीपासून?"

"तुमी माळ घातली तवापासून."

मला वाटलं, आता काही खरं नाही. बुवांचा चेहरा लाल झाला. ते आत्याला हळू आवाजात एकेक विचारत गेले आणि आत्या सांगत गेली. अंडं, ऊस, पाट, टॉवेल, बस, बैठक. सगळा मांडव कान देऊन. नाना मध्येच म्हणाले, महाराज, माळकरी आहे तो, आपल्याच हातची माळ आहे.

"नाना, माळ घेताना काय करतात?" बुवांनी विचारलं.

"कबूल होतात, महाराज. तोंडानं."

"हा काय म्हणाला होता?"

मागून कुणीतरी म्हणालं, शिंकला होता. मांडव हसला, आणि बुवाही हसले, पण त्यांचे डोळे हसत नव्हते.

"मुका जीव आहे महाराज, तो कसा बोलेल," नाना म्हणाले.

"तेच म्हणतो मी. त्याच्या वतीनं मी कबूल झालो, त्याच्या वतीनं तुम्ही उपवास लावले, आणि पोट तेवढं त्याचं. फार सोयीची भक्ती आहे ही. दुसऱ्याच्या जिवावर वैराग्य."

त्यांनी कुत्र्याच्या गळ्यातला हार काढून बाजूला ठेवला. मग माळ काढली. माळ काढली की तिचं काय करायचं, ही मोठी पंचाईत. ती खाली ठेवत नाहीत, टाकत तर नाहीतच. सगळे बघत राहिले. बुवांनी ती कपाळाला लावली आणि आपल्या गळ्यात, आपल्या माळेवर घातली.

"घातली मी आहे. मोडायची कशाला? याच्या वाट्याचं मी पाळीन," ते म्हणाले. "नाना, वार कोणते कोणते लावलेत तेवढे सांगा."

नानांनी सांगितले. सांगताना शेवटी शेवटी त्यांचा आवाज बारीक झाला. बुवांनी बोटांवर मोजले आणि आत्याला म्हणाले, एवढे? मग बरं झालं जगला ते. तो आता तुमचा, आणि तुम्ही जिथं राहता तिथंच तो राहील, हे मी एवढ्या लोकांसमोर बोलतोय. आता अंगणात न्यायचं कसं ते दाखवा.

नानांनी पुतण्याला हातगाडी आणायची खूण केली. आत्या म्हणाली, गाडी नको, त्यो चालंल, फडकं तेवढं द्या. जवळ फडकं नव्हतं. बुवांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, पोटाखालून घातलं आणि दोन्ही टोकं मुठीत धरून मागचं अंग उचललं. आत्या पुढं झाली. पैलवानानं एक पाय टाकला. मग दुसरा. कीर्तनकार कंबरेत वाकून कुत्र्याच्या मागं, गळ्यात दोन माळा, आणि सगळा मांडव वाट करून देत होता. कुणाला काय करावं कळेना. मी टाळ उचलले आणि त्या पायांच्या चालीवर एक ठोका धरला, फार संथ. पखवाजवाल्यानं माझ्याकडं रागानं पाहिलं आणि मग तोही आला. काल्याची हंडी तिथंच लटकत राहिली. सगळं गाव एका कुत्र्याच्या चालीनं देवळाला वळसा घालून आत्याच्या अंगणात गेलं. नाना मांडवात हंडीखाली उभे होते, कुणीतरी थांबायला हवं होतं.

नंतर बुवा परत येऊन उरलेलं कीर्तन बोलले. उपरण्याला माती लागलेली. कुत्र्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

पुढचं थोडक्यात. पैलवानानं वेळ घेतला. कोष्टीबाई सांगत होत्या तसंच झालं. मांड्या पहिल्यासारख्या भरल्या नाहीत, थंडीत खुबा धरायचा, गोळी लागायची. पण टॉवेल सुटला. पाटापर्यंत जायला लागला. आणि पाऊस उघडल्यावर एका सकाळी भर चौकात त्यानं तीन पायांवर उभं राहून चौथा वर केला, नानांच्या नव्या जीपच्या चाकावर. तिथं असलेल्या सगळ्यांनी ते पाहिलं, आणि दंडवत म्हणायला कुणी तोंड उघडलं नाही. आत्या मला सांगताना म्हणाली, मागच्या एका पायावर भार घेतला बघ त्यानं, आणि डोळे पुसले.

मल्हारीबुवांना आमच्या गावानं परत बोलावलं नाही. पुढच्या सप्त्याला कॅसेटवाले एक महाराज आले, मोठा साऊंड घेऊन. कीर्तन मध्येच सोडणारा माणूस काल्याला नको, असं बैठकीत ठरलं म्हणे. मी मात्र बुवांच्या मागं टाळ धरायला दुसऱ्या गावांना जात राहिलो. एका ठिकाणी यजमानांनी आग्रहानं ताट वाढलं. बुवांनी हात जोडले. म्हणाले, आज शनिवार, आमचा पैलवानाचा. यजमानांना वाटलं मारुतीचं काही असेल. त्यांनीही मारुतीला नमस्कार केला.

पैलवान म्हातारा होऊन आत्याच्या दारात, मातीवर, झोपेत गेला. मी मुद्दाम शिरापूरला जाऊन बुवांना सांगितलं आणि म्हणालो, बुवा, आता सुटलात, घ्या आजपासून जेवायला. त्यांनी गळ्यातल्या दोन्ही माळा बोटांत धरल्या.

"तो सुटला रे," ते म्हणाले. "माळ जन्मभराची असते. आणि जन्म माझा अजून चाललाय."

ते गेले तेव्हा चतुर्थी होती. त्यांच्या सुनेनं सांगितलं, पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं.

उठा आता, टाळ वाजले. एवढंच करा माझ्यासाठी: मघाशी म्हणालात, बुवा नवे आहेत, बघू कसे आहेत ते. बघा. पण कीर्तन संपून कपाळाला बुक्का लागेल, तेव्हा डोळे मिटून एकदा मल्हारीबुवा शिरापूरकरांची आठवण काढा. कुठल्याच फ्लेक्सवर कधी त्यांचा फोटो आला नाही. नाहीतर दाखवला असता.